इंजिन पुढे की मागे

“मग पेट्रोलच घेऊ,” तो म्हणाला आणि हसला. सेल्समनही हसला, हसणं त्याच्या पगारात धरलेलं होतं, त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. पण नवऱ्याचं हसणं पगाराबाहेरचं होतं, खास घरचं. ती मोटरहोमच्या पायरीवर एक पाय ठेवून, दाराची थंड दांडी धरून उभी होती. त्या हसण्यासरशी तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या, मग मान तापली, मग दांडी धरलेला तळवा. सेल्समन बोलला होता ते साधंच होतं. “पेट्रोलच्या मॉडेलला इंजिन पुढे येतं, काकू. हे झाकण दिसतंय ना दोन सीटांच्या मधे, उंचवट्यासारखं, त्याच्याखाली. चढ लागला की बोंबलतं. शेजारी बसून बोललेलं ऐकू येत नाही, ओरडावं लागतं. डिझेलला इंजिन पार मागे, पलंगाखाली. पुढे एवढं शांत की हातातलं घड्याळ ऐका. गप्पा मारत जायचं असेल तर डिझेल.” त्याचा आवाज उघड्या मैदानात गाड्या विकणाऱ्याचा, खणखणीत, समोरच्याच्या तोंडावर फेकलेला. आणि गप्पा हा शब्द अजून हवेतच होता तोवर नवरा म्हणाला, मग पेट्रोलच घेऊ. क्षणभरही न थांबता. हेच तर. माणूस थांबून बोलतो ते जगासाठी असतं, न थांबता बोलतो ते पोटातलं असतं. इतकी वर्षं त्याच्या पोटात काय आहे ते शोधत ती चाचपडत होती आणि ते असं भर दुपारी, परक्या पोराच्या देखत, बाहेर येऊन पडलं. तिच्याशी बोलावं लागणार नाही अशी गाडी त्याला हवी होती.

“दोन्ही चालवून तर बघा, काका,” सेल्समन म्हणाला. “आधी डिझेल. ती परवडते का नाही ते सोडा, बसून तर बघा.” आणि तो किल्ल्या आणायला पत्र्याच्या ऑफिसात गेला. ती दोघंच उरली, आजूबाजूला रांगेने उभी असलेली पांढरी घरं, प्रत्येकाला चाकं. नवरा वाकून टायर बघत होता. टायरशी त्याचं बरं जमायचं. गेली दोन वर्षं, निवृत्त झाल्यापासून, त्याने या एका विषयाचा ध्यास घेतला होता: डिझेल की पेट्रोल. डिझेलचं इंजिन दुप्पट टिकतं, घाटात दम धरतं, उतारावर इंजिनच गाडीला आवरून धरतं. पण आजारी पडलं की मोठा वैद्य लागतो. पेट्रोलचं इंजिन हलकं, भोळं, कुठल्याही गावातला मेकॅनिक उघडून बसवेल. पण खादाड, आणि चढावर धापा टाकणारं. हे सगळं तिला पाठ होतं, आणि यातलं एक अक्षर त्याने तिला सांगितलं नव्हतं. तिने ते ऐकलं होतं कोपऱ्यावरच्या गॅरेजबाहेर भाजीची पिशवी घेऊन उभी राहून. तिथे ग्राइंडर चालू, हातोडे पडतायत, कोणीतरी एक्झॉस्ट फाडत बसलंय, आणि हा मधोमध उभा राहून, एखाद्या कीर्तनकाराने उत्तररंगात आख्यान लावावं तसा रंगलेला, हात उडतायत, डोळे चमकतायत, पोरं हसतायत. तोच माणूस जिना चढून घरात आला की दार लावताना आवाजही बाहेरच ठेवून यायचा. जेवताना ती विचारायची, मग काय ठरतंय? तो म्हणायचा, हं. एकदा तिच्या भावाने चेष्टा केली होती, “ताई, तुझा नवरा म्हणजे बाहेर सनई, घरात नुसती सनईची पिशवी.” सगळे हसले. तीही हसली. त्या दिवशी तिने भांडी इतक्या जोरात घासली की एका पातेल्याचा कान निखळला.

आणि तरी ती या चाकांवरच्या घरात राहायला कबूल झाली होती. मुलीने समजावलं म्हणून नाही, की म्हातारपणी जग बघावं असलं काही वाटलं म्हणून नाही. घर सोडायचं तिच्या जिवावर आलं होतं. ती खिडकी, ती ओट्याची उंची, जी तिच्याच कोपरांसाठी बेतलेली होती. येत्या महिन्याअखेर दुसरं बिऱ्हाड तिथे राहायला येणार होतं, तसा शब्द दिलेला होता, फक्त तिची सही राहिली होती. ती कबूल झाली ती त्या दोन सीटांसाठी. त्याने आणलेल्या माहितीपत्रकात एक फोटो होता: भली मोठी काच, काचेत उतरत गेलेला रस्ता, आणि अलीकडे दोन सीटा शेजारी शेजारी. बाकी पलंग, फ्रीज, बाथरूम तिने बघितलंसुद्धा नाही. तिने त्या दोन सीटा बघितल्या आणि तिच्या मनात आलं की तिथे हा माणूस कुठे उठून जाणार? शिफ्ट नाही, गॅरेज नाही, बाजार नाही. हात चाकाला बांधलेले, समोर रस्ता, शेजारी मी. तिथे मी बोलेन. साठवलेलं सगळं, क्रमाने, घाई न करता. देवाला तिने कित्येकदा सांगितलं होतं, त्याला आवाज चढवावा लागत नाही, मनातल्या मनात पुटपुटलं तरी पोचतं. पण देवाला सांगून झालं की नवऱ्याला सांगायचं उरतंच, ते देव आपल्या अंगावर घेत नाही. आणि आता हा म्हणतो पेट्रोल. तिने तिथेच, टायरकडे वाकलेल्या त्याच्या पाठीकडे बघत ठरवलं, नाही येणार. जा म्हणावं एकटा, बोंबलणारं इंजिन मांडीशी घेऊन. मी सही करत नाही. मी धाकट्या बहिणीकडे जाईन, तिची मागची खोली रिकामी आहे. हे ठरवल्यावर तिला बरं वाटेल असं वाटलं होतं. बरं वाटलं नाही. राग फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला.

डिझेलची गाडी खरंच शांत होती. नवरा चालवत होता, सेल्समन मागे कुठल्याशा कपाटाची कडी नीट लागत नव्हती ती बघत बसला होता, त्याच्याही मागून, पलंगाखालून एक दूरची गुरगुर येत होती, शेजारच्या बिऱ्हाडात कोणी घोरत असावं तशी. गोदामांच्या भिंती, कालव्याचा कठडा, एक गोल चौक काचेतून आवाज न करता सरकत गेले. माहितीपत्रकातल्यासारखीच काच. त्याच दोन सीटा. ती हात मांडीवर ठेवून बसली आणि तिला वाटलं की आता, इथेच. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, समोर बघितलं, आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, “मी येणार नाही तुमच्याबरोबर. घर द्यायचं नाही. तुम्ही जा.” तो म्हणाला, “हं.” मग चौक ओलांडून झाल्यावर म्हणाला, “स्टिअरिंग हलकं आहे.”

तिचा आवाज हळू होता, हे खरं. तो तिने कमावलेला होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लांबलचक बोर्डासमोर बायकांची रांग, कोपराला कोपर लागलेलं, प्रत्येकीच्या कानाला यंत्र आणि ओठांसमोर पितळी वाटीएवढा माउथपीस. तिथे मोठ्याने बोलणारी टिकत नसे. मोठ्या बाई मागून फेऱ्या मारायच्या आणि जिचा आवाज शेजारणीपर्यंत पोचला तिच्या खांद्यावर पेन्सिल टेकवायच्या. “ओठाशी बोला, बाई. हवेशी नको.” पहिल्या वर्षी तिच्या खांद्यावर पेन्सिल रोज टेकली, दुसऱ्या वर्षी क्वचित, मग कधीच नाही. तिच्या त्या आवाजावर लोक खूश असत. दूरच्या गावचा एक व्यापारी म्हणायचा, या बाईंनी लाइन जोडली की वाईट बातमीही बरी वाटते. तिला त्याचा अभिमान होता. आपलं बोलणं म्हणजे तेलाची धार, असं तिला वाटे. आणि लग्न झालं ते छापखान्यातल्या मशिनमनशी. तो रात्री वर्तमानपत्र छापायचा. एकदा ती डबा द्यायला गेली होती. कागदाचं ते भलं मोठं भेंडोळं गरगरत होतं, जमीन थरथरत होती, छातीत मशीन शिरल्यासारखं वाटत होतं, आणि तिचा नवरा वीस हातांवरच्या माणसाला बोटांच्या खुणा करून काहीतरी सांगत होता आणि दोघं पोट धरून हसत होते. तिला तेव्हाही राग आला होता. घरी हा माणूस बोटसुद्धा हलवत नाही.

पण तो राग लहान होता, कालवणात मीठ जास्त पडावं तसा. मोठा राग एका संध्याकाळचा होता. तिच्या बोर्डावर दिवा लागला, तिने प्लग लावला, आणि पलीकडून तिच्या माहेरच्या गावची ऑपरेटर, जिला तिने कधी पाहिलं नव्हतं पण जिचा आवाज ती झोपेत ओळखली असती, ती म्हणाली, “ताई, हा कॉल तुमच्यासाठीच आहे. मीच सांगते. तुमचे बाबा गेले.” ओठाशीच म्हणाली, हवेशी नाही. आणि हिने “बरं” म्हणून, पुढचे दोन कॉल जोडून, मग उठून मोठ्या बाईंना सांगितलं. घरी आली तेव्हा तो बेसिनशी उभा राहून नखांतली शाई ब्रशने काढत होता, ड्यूटीवर निघायच्या तयारीत. ती दारातच उभी राहिली. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. म्हणाली, “बाबा गेले.” त्याच आवाजात म्हणाली, ज्या आवाजात ऐकलं होतं, कारण त्याहून मोठ्या आवाजात ते बोलता आलंच नसतं, आवाज मोठा केला असता तर तो फुटला असता. तो म्हणाला, “हं.” ब्रश झटकला. म्हणाला, “चहा टाकतेस?” आणि तिने चहा टाकला. हेच तिला स्वतःचं आजवर कळलं नव्हतं, की तिने चहा टाकला, गाळला, कप त्याच्यासमोर ठेवला, मुलीला घेतलं आणि बस पकडून माहेरी गेली. तो आला दुसऱ्या दिवशी, सगळं उरकल्यावर. अंगणात एका कडेला उभा राहिला, हात मागे बांधून. लोक काय म्हणतील म्हणून आला, असं तिने धरलं. तिने त्याच्याकडे पाण्याचा तांब्यासुद्धा पाठवला नाही. त्या दिवसानंतर ती त्याच्याशी बोलत राहिली, संसारात बोलावंच लागतं, पण बोलताना तिला नेहमी वाटायचं की आपण पालथ्या घड्यावर पाणी ओततोय, आणि ओततोय तेही घड्याला लाज वाटावी म्हणून.

मैदानात परत आल्यावर सेल्समनने त्यांना उतरवून पेट्रोलच्या गाडीत बसवलं आणि स्वतः पुन्हा मागे बसला. नवऱ्याने किल्ली फिरवली तशी दोन सीटांमधल्या झाकणाखाली काहीतरी जागं झालं आणि उठून बसलं. झाकणाची ऊब तिच्या गुडघ्याला लागली. रस्त्याला लागेपर्यंत तिने तोंड मिटून ठेवलं होतं, आता बोलायचं काय शिल्लक होतं? पण गुडघा भाजायला लागला तेव्हा ती वैतागून, कोणालाच उद्देशून नाही अशी, ओरडली, “भट्टी आहे ही!” आणि तो रस्त्यावरची नजर न काढता ओरडला, “वर जाड सतरंजी टाकू! दुहेरी!” तिच्या लक्षात काही आलं नाही. ती रागात होती, आणि रागात माणसाला उत्तर मिळालं हे कळायला वेळ लागतो. पुढे उड्डाणपुलाचा चढ लागला. इंजिनाने आवाज वर नेला, आणखी वर नेला, काच थरथरली, मागे कपाटातलं काहीतरी खणखणायला लागलं, आणि त्या सगळ्या गोंधळात तिच्या खांद्यावरचं पेन्सिलीचं ते टोक, जे इतकी वर्षं टेकून होतं, ते कुठेतरी पडलं.

“मी येणार नाही म्हटलं मघाशी!”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? तुमच्याबरोबर! या डब्यातून!”

“कधी म्हणालीस?”

“आत्ता! त्या गाडीत! तुम्ही हं म्हणालात!”

त्याने वेग कमी केला. पुढच्या ट्रकला जाऊ दिलं. मग ओरडला, “का पण?”

“चहा मागितलात म्हणून!”

“काकू, चहा ऑफिसात आहे,” मागून कपाट धरून बसलेला सेल्समन म्हणाला, “परत गेलो की लगेच.”

“तुम्ही गप्प बसा हो!” ती त्याच्यावर वळून ओरडली आणि पुन्हा पुढे झाली. “बाबा गेले त्या दिवशी! मी दारात उभी राहून सांगितलं, बाबा गेले! आणि तुम्ही चहा मागितलात!”

“तू सांगितलं नाहीस!”

“सांगितलं!”

“नाही सांगितलंस!” आता तो तिच्याहून मोठ्याने ओरडत होता, मानेची शीर फुगली होती, हात मात्र चाकावर अगदी स्थिर. “मला खालच्या शिंप्याने सांगितलं! दुसऱ्या दिवशी सकाळी, जिन्यात! माझा सासरा गेला आणि मला शिंपी सांगतो! मी तिथेच पायरीवर बसलो! बायको चहा देऊन गेली, पोरीला घेऊन गेली, एका शब्दाने बोलली नाही! मला माणसांतच धरलं नाहीस तू! अंगणात मी कुत्र्यासारखा उभा होतो, पाणी विचारलं नाहीस!”

“कारण तुम्ही...”

“कुजबुजतेस तू! लग्न झाल्यापासून कुजबुजतेस माझ्याशी! भिंतीला सांगितल्यासारखी! पोरगी बघ, कशी तोंडावर बोलते, बापाशी बोलते! तू तिलाही गप्प करायचीस, हळू बोल, हळू बोल! मुद्दाम! मला कळू नये म्हणून!”

“मुद्दाम?” ती ओरडली. “मुद्दाम?” आणि तिसऱ्यांदा ओरडायला तिने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. गाडी पुलाच्या माथ्यावर आली होती. तिच्या मनात राग इतका मोठा झाला होता की त्याच्या उजेडात बाकी सगळं लख्ख दिसायला लागलं. तो उत्तरं देत होता. तिच्याकडे न बघता, समोर बघत, प्रत्येक वाक्याला, लागलीच. ज्या आवाजात सेल्समनला तिचं अर्धं ऐकू येत नव्हतं त्या आवाजात याला सगळं ऐकू येत होतं. आणि घड्याळ ऐकू येईल अशा गाडीत काहीच ऐकू आलं नव्हतं. गॅरेज. बाजार. बँडवाल्यांच्या शेजारी जाऊन बसायची त्याची खोड. फोन वाजला की रिसिव्हर तिच्याकडे द्यायचा, तुझाच असेल म्हणून. ती बोलायला लागली की तिच्या तोंडाकडे असा टक लावून बघायचा की तिला वाटे, आपलं दात पुढे आलेलं तोंड याला आवडत नाही, म्हणून ती मान वळवून बोलायला लागली होती. कलकलाटात सगळेच ओरडतात. आणि सगळे ओरडतात तिथे कोणी बहिरा नसतो.

“गाडी थांबवा,” ती म्हणाली. ऐकू जाणार नाही म्हणून पुन्हा ओरडली. उतार संपल्यावर त्याने गाडी एका बंद पेट्रोल पंपाच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. शांतता झाली. त्या शांततेत तो बदलला. हे तिने आज पहिल्यांदा होताना बघितलं: खांदे आत गेले, चेहरा सावध झाला, डोळे तिच्या ओठांवर येऊन बसले. किल्लीने इंजिन नव्हे, माणूसच बंद केला होता. ती म्हणाली, “कधीपासून?” मुद्दाम आपल्या हळू आवाजात म्हणाली. तो बघत राहिला. मग त्याने किल्ली फिरवली, पायाने इंजिन चढवलं, गाडी जागच्या जागी गुरगुरायला लागली, आणि म्हणाला, “हां. आता बोल.”

तिला त्या क्षणी त्याला मारावंसं वाटलं. खरोखर, हाताने. तिने पर्स मुठीत धरली होती ती सोडली नाही. “कधीपासून ऐकू येत नाही?” ती ओरडली.

“पोरगी शाळेत जायला लागली तेव्हापासून. हळूहळू.”

“आणि बोलला नाहीत?”

“मशिनमनचा कान गेला म्हणजे काय उरलं?” तो समोर बंद पंपाकडे बघून ओरडत होता. “कागद तुटायच्या आधी आवाज बदलतो. तो ज्याला कळतो तो मशीनवर. नाही कळला की गठ्ठे बांधायला बसवतात. आमच्यातल्या दोघांना बसवलं. मला मशीन ऐकू येत होतं, माणसं येत नव्हती. मग कशाला सांगू? फोरमनला कळलं असतं!”

“मी काय तुमचा फोरमन होते?”

त्याचा इंजिनावरचा पाय जरा सैल पडला, मग घाईघाईने पुन्हा दाबला.

मागे सेल्समन खिडकीतून बाहेर बघत होता. एवढं मन लावून तो आयुष्यात कुठला बंद पंप बघणार नव्हता. तिच्या अंगातून काहीतरी सांडत होतं आणि ते दुःख नव्हतं. तिला दुःख झालं असतं तर सोपं झालं असतं, ती रडली असती आणि त्याने सतरंजी आणून झाकणावर टाकली असती. तो रागच होता, पण त्याची जागा बदलली होती आणि त्याला नीट उभं राहता येत नव्हतं. इतकी वर्षं ती एका निष्ठुर माणसावर रागावली होती. त्या रागावर तिने घर चालवलं, पोरगी वाढवली, त्या रागाला रोज ऊन दाखवलं, लोणच्यासारखं. आणि तसा माणूस नव्हताच. त्याच्या जागी एक भित्रा माणूस होता, जो हं म्हणत होता कारण हं म्हटलं की बहुतेक वेळा भागतं. निष्ठुर माणसाशी निदान काही नातं होतं. या भित्र्याने तिला मान खाली घालून फसवलं होतं, तिच्या बाबांचं जाणं फुकट घालवलं होतं, तिच्याकडून एक शब्द जास्त मागण्यापेक्षा तिचा द्वेष पत्करला होता. आणि वर हा म्हणतो, तू कुजबुजतेस. देवा, तिच्या मनात आलं, तू तरी काय ऐकत बसला होतास? पण देवावर तिला फार वेळ रागावता येत नसे, तिने ते अर्धवट सोडलं. शिवाय त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हे सगळ्यांत वाईट होतं. त्याने तोंडाकडे बघितलं तेव्हा तिने मान फिरवली होती. तिलाही वाटलं नाही की एकदा, फक्त एकदा, जवळ जाऊन, दंडाला धरून ओरडावं: बाबा गेले हो माझे! तो तिचा अभिमान होता, तेलाची धार. एकाचं मशीन, दुसरीचा माउथपीस, आणि मधे पोरगी, जी बिचारी सगळ्यांशी ओरडून बोलायची म्हणून शाळेत मार खायची.

परत येताना इंजिन एकटंच बोलत होतं आणि आता त्याचा आवाज तिला तेवढा मोठा वाटेना, सवय लागते, हेच त्याचं भय होतं. मैदानात गाडी थांबली, तो उतरला, ती उतरली. तिचा घसा सोलवटला होता. सेल्समन दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून आपल्या धंद्याच्या आवाजात, पण जरा जपून म्हणाला, “मग? विचार करायला वेळ हवा असेल तर घ्या. घाई नाही.”

“पेट्रोल,” नवरा म्हणाला. मघासारखा हसला नाही. तो तिच्याकडे वळला आणि त्याच्या चेहऱ्यावर तिने कधी न पाहिलेलं काहीतरी होतं, मुलं हट्ट करताना आधीच रडवेली होतात तसं. “पेट्रोलच घेऊ. यात बोलता येतं. आत्ता बोललो की आपण. एवढं तर कधीच बोललो नव्हतो.”

खरं होतं. आणि तिला दिसलंही: रस्ता, काच, मधे गुरगुरणारं ते झाकण, त्यावर दुहेरी सतरंजी, आणि दोघं म्हातारी घाटाघाटांतून ओरडत चाललीयत, मीठ कमी पडलं हेही ओरडून, कुठलं गाव आलं हेही ओरडून, पाय दुखतो हेही ओरडून. कोणी बहिरं नाही. कोणी काही कबूल करायचं नाही. गाडी थांबली, की झाडाखाली खुर्च्या टाकल्या, की पुन्हा हं. जगाने त्यांच्यासाठी सदासर्वकाळ आवाज करत राहायचा. तिला ते क्षणभर हवंहवंसं वाटलं, आणि त्याचाच तिला राग आला, आजच्या दिवसातला सगळ्यांत स्वच्छ राग.

“डिझेल,” ती म्हणाली.

सोलवटलेल्या घशातून, ओठाशी, हवेशी नाही. पण मान वळवली नाही. तोंड त्याच्यासमोर धरलं, आणि शब्द निघून गेल्यावर ओठ मिटून घेतले, म्हणजे त्याला वाचायला काही उरू नये. त्याने तिच्याकडे बघितलं. मग सेल्समनकडे. सेल्समनने मदतीला तोंड उघडलं, भला पोरगा होता, आणि तिने हात वर करून त्याला थांबवलं, लहान मुलाला थांबवतात तसं, त्याच्याकडे न बघता. नवऱ्याच्या चेहऱ्यावर ते हं गोळा व्हायला लागलं होतं. ती बघत होती. ते घशाशी आलं. हे जर बाहेर पडलं तर बहिणीची मागची खोली, ती मनात म्हणाली, आणि यात राग नव्हता, हे नुसतं ठरलेलं होतं. दूर कुठे एक गाडी सुरू होऊन गेली. ऊन पांढऱ्या पत्र्यांवरून त्याच्या डोळ्यांत येत होतं, त्याने डोळे मिचकावले, हात खिशात घातले, बाहेर काढले, आणि त्याच हातांपैकी एक, शाई जाऊनही नखांच्या कडांना काळा राहिलेला, सावकाश वर नेऊन कानामागे धरला. परक्या माणसासमोर. भर मैदानात.

“ऐकू आलं नाही,” तो म्हणाला. “परत सांग.”

तिचा राग गेला नाही. तो कमावलेला होता, एका वाक्याने जाणारा नव्हता, तोही आता गाडीतून येणार होता आणि त्याला बसायला जागा करावी लागणार होती. पण ती पुढे झाली, इतकी की त्याच्या शर्टाचा साबणाचा वास आला, आणि आवाज जराही न वाढवता तिने त्याला परत सांगितलं.